हळदीवर ढकललेली गळती

माझ्या वडिलांना गळती सहन होत नसे. शेजारच्या बिल्डिंगची टाकी ओसंडायला लागली तरी ते खिडकीत उभे राहून वॉचमनला हाका मारायचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. त्या कामाचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता, जे आत राहायला हवं ते बाहेर येता कामा नये. आमच्या बिल्डिंगमधल्या बिऱ्हाडांना प्लंबर फारसा माहीतच नव्हता. कुणाचा नळ ठिबकला, कुणाच्या कुकरची वाफ कडेने निघाली, की ते सरळ आमची बेल वाजवायचे. आई म्हणायची, "आपल्याकडे पाटी लावा, म्हणजे लोकांना मजले मोजावे लागणार नाहीत."

मी त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत जाताना आईने भरून दिलेली पाण्याची बाटली बाबा उलटी धरून तपासायचे, आणि बस चुकेल म्हणून मी पाय आपटायचे. माझ्यात त्यांचा हट्टीपणा आला, चिकाटी नाही आली. मला सगळं झटपट उरकायला आवडतं.

गाडी त्यांनी रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी घेतली. पांढरी, लहान, चार माणसं अंग चोरून बसतील अशी. आता ती बावीस वर्षांची आहे. पंधरा वर्षं झाल्यावर तिचं रीतसर पासिंग करून आणलं तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. दर रविवारी ते आणि आई त्या गाडीतून खडवलीला जायचे. तिथे आमचा एक छोटा प्लॉट आहे. घर बांधायचं कायम पुढच्या वर्षावर राहिलं, पण आईने दोन आंबे, एक चिकू आणि कढीपत्ता लावला. पाण्याची सोय नव्हती, म्हणून घरून कॅन भरून न्यायचे. अर्धं पाणी झाडांना जायचं आणि अर्धं वाटेत गाडी प्यायची, असं आई चिडवायची, कारण जुन्या गाडीचं इंजिन गार ठेवणारं कूलंट कुठून ना कुठून कमी होत असे आणि बाबा गाडी गार झाल्याशिवाय कधी झाकण उघडत नसत.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी परत येताना टिटवाळ्याच्या अलीकडे इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. बाबांनी गाडी झाडाखाली घेतली, ती निवेपर्यंत वाट पाहिली, पाणी ओतलं. रेडिएटरला बारीक भोक पडलं होतं, ओतलेलं पाणी धार लागून खाली. एक टेम्पोवाला थांबला, वाकून बघितलं आणि म्हणाला की मूठभर हळद टाका, घरापर्यंत जाल. बाबांना तो आपल्या पेशाचा अपमान वाटला. रेडिएटरला सर्दी झालेली नाही, असं ते म्हणाले. तोवर आईने बाजारातून घेतलेल्या हळदीचा पुडा दातांनी फाडलाही होता. "बोट कापलं की लावतोच ना," ती म्हणाली, "मग याला का नको?" बाबांनी तोंड वाकडं करून हळद टाकली. गळती थांबली आणि ते दोघं डोंबिवलीला पोचले.

आमची गाडी पहिल्यापासून कल्याणच्या एका मेकॅनिककडे असते. त्याने दुसऱ्याच दिवशी रेडिएटर उतरवला, आतून धुऊन काढला, भोक झाळून दिलं आणि काही नुकसान झालेलं नाही असं सांगितलं. पिवळं पाणी गटारात जाताना त्याने आपल्या मोबाइलवर फोटो काढला होता. आई तो किस्सा लग्नामुंजीत, हळदीकुंकवात, जिथे मिळेल तिथे सांगायची. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "चूकच होती ती तांत्रिकदृष्ट्या." आणि हसायचे.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. आजारपण दोन महिन्यांचं. त्यानंतर बाबा एकटेच खडवलीला जायला लागले. मी घोडबंदर रोडला राहते, आठवड्यातून एकदा डोंबिवलीला चक्कर मारते, आणि बाकीचे दिवस फोनवर हुकूम सोडते. पाणी प्या. गोळी घेतलीत का. मोज्यांवर चालू नका, घसराल. ते सगळ्याला हो म्हणायचे.

मग एकेक गोष्ट कानावर यायला लागली. एका रविवारी त्यांचा फोन आला तो वाशिंदच्या पुढून, हायवेवरून. खडवलीचं वळण कुठे गेलं, असं ते मला विचारत होते. हसत विचारत होते, पण आवाज हसत नव्हता. महिन्याभराने त्यांनी पार्किंगमधून गाडी काढताना खांबाला घासली. त्यानंतर कल्याणला सिग्नलपाशी एका स्कूटीवरच्या मुलीला मागून धक्का दिला. तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तिने उलट बाबांनाच पाणी प्यायला दिलं. ब्रेकऐवजी पाय दुसरीकडे पडला, असं ते मला म्हणाले आणि मग म्हणाले की नाही, ब्रेकच दाबला होता, गाडीच पुढे सरकली.

मी विमा कंपनीत काम करते, वाहनांच्या क्लेमवर. अपघाताचे फोटो बघणं हे माझं रोजचं काम. त्या स्कूटीच्या जागी मला त्या फोटोंतलं काय काय दिसायचं. बाबांनी गाडी थांबवायला हवी होती. हे मी आजही म्हणेन, कुणासमोरही म्हणेन. फक्त त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नाही. आई गेल्यावर त्यांच्याकडे तो एक रविवार उरला होता. तो मी काढून घेते आहे हे मला त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचं नव्हतं.

त्याच सुमारास गाडी पुन्हा गळायला लागली. बाबांची पद्धत ठरलेली होती. दुपारी गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं, सकाळी डाग कुठे पडलाय त्याभोवती पेनाने गोल करायचा, बाजूला तारीख लिहायची. मग सांध्यांवर पावडर भुरभुरवायची आणि ती कुठे ओली होते ते बघायचं. आईचा पावडरचा डबा त्यांनी त्याच कामाला ठेवला होता. यावेळी चार दिवस गोल काढूनही त्यांना उगम सापडेना. वाकलं की चक्कर येते, असं ते म्हणाले, आणि गाडी कल्याणला दाखवायला दिली.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून हाफ डे घेऊन मी गॅरेजवर गेले. मेकॅनिकने आधीच शोधलं होतं. इंजिनाच्या मागच्या बाजूला वीतभर लांबीचा एक रबरी पाईप होता, तो क्लिपखाली चिरला होता. गरम इंजिनवर थेंब पडून बरेचसे तिथेच सुकायचे, म्हणून वरून दिसत नव्हतं. पाईप कुठल्याही दुकानात मिळतो, तासाभराचं काम, असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं की हे काम करायचं नाही. गाडी दुरुस्त होत नाही, पार्ट मिळत नाही, असं बाबांना सांगायचं.

तो हात पुसत राहिला. पन्नाशीचा माणूस, बावीस वर्षं बाबांना ओळखणारा. "ताई, काकांना पाईप मिळत नाय सांगितलं तर ते स्वतः दुकानात जातील," तो म्हणाला. "आणि गाडीबद्दल मी त्यांच्याशी कधी खोटं नाय बोललोय."

मी त्याला स्कूटीची गोष्ट सांगितली. वाशिंदची सांगितली. बरं, बोलतो मी, असं तो शेवटी म्हणाला. पण त्याचं पहिलं म्हणणं बरोबर होतं, नुसतं पार्ट मिळत नाही म्हणून बाबा ऐकणार नव्हते. इथे माझी नोकरी कामाला आली. क्लेम नाकारायचा असेल तर आम्ही एक गोष्ट शिकलेली असते. दोष कंपनीचा किंवा नशिबाचा दाखवला की माणूस भांडतो. त्याच्या स्वतःच्या हातून झालंय असं कागदावर आलं की तो गप्प बसतो, बरेचदा माफीही मागतो. मी मेकॅनिकला म्हटलं, हळदीवर ढकल. तेव्हाची हळद आतल्या नळ्यांत बसली होती, धुऊनही गेली नाही, तिने रेडिएटर आतून खाल्ला, दाब वाढून आता जिथे तिथे गळतंय, आणि या मॉडेलचा रेडिएटर बंद झालाय.

हे सुचायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला त्या क्षणी स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं.

शनिवारी मी बाबांना घेऊन गेले. मेकॅनिकने मी शिकवल्याप्रमाणे सगळं सांगितलं, पण बोलताना तो बॉनेटकडे बघत होता. मी वादाची तयारी करून आले होते. बाबा म्हणतील, रेडिएटर खोल, नळी दाखव, मी बघतो. कारखान्यात ते साहेबांचंही न बघता मानत नसत. त्यांनी तसं काही विचारलं नाही. स्टुलावर बसले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"मग मीच मारली म्हणायची," ते म्हणाले.

मेकॅनिक पटकन म्हणाला, "तसं नाय काका, जुनी झाली गाडी." बाबांनी मान हलवली. मेंटेनन्सच्या माणसाने बायकोचं ऐकून रेडिएटरमध्ये मसाला टाकायचा नसतो, एवढं ते बोलले आणि उठले. परतीच्या रिक्षेत त्यांनी माझ्याशी उन्हाबद्दल गप्पा मारल्या.

मेकॅनिकच्या माणसाने गाडी आणून पार्किंगमध्ये लावली, तिच्यावर कापड घातलं गेलं. दर रविवारी मी खडवलीला नेईन असं मी कबूल केलं होतं. पाच-सहा वेळा नेलंही. मग ऑफिसचं मार्चचं काम आलं, मग आमच्याकडे पाहुणे आले, मग ऊन फार होतं. एप्रिलमध्ये चिकू वाळला. बाबांनी फांदी मोडून बघितली, आत हिरवं काही नव्हतं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, आणि मला बरं वाटलं असतं.

मला आधी वाटलं की ते खडवलीसाठी झुरतायत. तेवढंच असतं तर मी रविवार सांभाळून निस्तरलं असतं. पण त्यांचे भलत्याच गोष्टींसाठी फोन यायला लागले. गॅस बंद केलाय असं वाटतंय, पण तू आलीस की एकदा बघ. बाथरूमच्या नळाचा वॉशर बदलायचाय, कुणाला बोलावू? मी म्हटलं, बाबा, वॉशर? तुम्हीच बदला ना. त्यावर ते म्हणाले, नको, उगाच आटे जायचे.

मे महिन्यात मी गेले होते तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कुकर घेऊन आल्या. झाकणातून वाफ निघत होती. बाबांनी कुकर हातातसुद्धा घेतला नाही. दुकानात दाखवा, असं ते म्हणाले. काकू हसल्या, म्हणाल्या की तुम्ही असताना दुकान कशाला. तेव्हा बाबा दोन्ही हात मागे घेऊन म्हणाले, "नको वहिनी. मी हात लावला की आणखी बिघडतं हल्ली."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. मला रडायला येत होतं आणि स्वतःचा इतका राग येत होता की नळ जोरात फिरवला. मला त्यांच्या हातातून फक्त स्टिअरिंग काढायचं होतं. मी त्यांचे हातच काढून घेतले होते.

काकू गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पाईप, क्लिप, गॅरेज, माझी शक्कल. हळदीचा काही संबंध नव्हता, ती सहा वर्षांपूर्वीच धुऊन गेली होती. मी घाबरले होते, मला तुम्हाला तोंडावर सांगता आलं नाही, मी मेकॅनिकला खोटं बोलायला लावलं. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी लहान असताना ठेवायचे तसा.

"माझ्या समाधानासाठी कशाला स्वतःवर घेतेस?" ते म्हणाले. "होते चूक माणसाकडून. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं. मी मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तो बिचारा खरं बोलला, काका माफ करा म्हणाला, आणि बाबा त्याला म्हणाले की तू भला माणूस आहेस, हिने सांगितलं म्हणून बोलतोयस. एकदा मी खोटं बोलले ते त्यांनी न तपासता घेतलं होतं. आता खरं बोलत होते तर त्यात त्यांना माझी माया दिसत होती. मी रचलेली गोष्ट इतकी पक्की होती की तिच्यात शिरायला मलाच फट सापडेना.

मग मला वाटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला. गाडीच दाखवू.

पुढच्या शनिवारी मेकॅनिक स्वतः नवा पाईप घेऊन डोंबिवलीला आला. कापड काढलं. त्याने जुना पाईप काढून बाबांच्या हातात दिला, चीर बोटाने उघडून दाखवली. नवा बसवला, क्लिप आवळली, हिरवं कूलंट भरलं, बॅटरीला जोड देऊन गाडी सुरू केली. अर्धा तास ती चालू ठेवली. पंखा लागला, बंद झाला, परत लागला. काटा मधोमध उभा होता. मी गाडीखाली वर्तमानपत्र घातलं होतं, ते ओढून काढून बाबांसमोर धरलं. कोरडं होतं.

"चांगलं झालं," बाबा म्हणाले. "नवा रेडिएटर मिळाला म्हणायचा शेवटी."

मेकॅनिक म्हणाला की काका, रेडिएटर जुनाच आहे, वाकून बघा. गाडी बंद करून त्याने बॉनेट पुरतं वर केलं. बाबा पुढे झाले. मी त्यांचा दंड धरला होता. रेडिएटरवर त्याने सहा वर्षांपूर्वी दिलेल्या झाळीचा डाग होता. जाळ्यांत खडवलीची लाल माती वाळून बसली होती. ज्याने आयुष्यभर सांधे वाचले त्याला हे वाचायला क्षणही लागायला नको होता. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. तो डाग बघितला, माती नखाने खरवडून बघितली, चष्मा वर करून बघितलं. मग ते माझ्याकडे वळले.

"जुनाच आहे का गं हा?"

मी म्हटलं, "हो बाबा. जुनाच आहे. तुम्हाला दिसतंय ना?"

"तू म्हणतेस तर असेल," ते म्हणाले.

मेकॅनिक हत्यारं गोळा करायला खाली बसला. मी गाडीतली किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. कंपाउंडमध्ये एक फेरी मारा, मी शेजारी बसते, असं म्हटलं. त्यांनी किल्लीकडे बघितलं नाही. ते गाडीला वळसा घालून गेले आणि डाव्या बाजूच्या दाराशी मी उघडून देईपर्यंत उभे राहिले.